शंकेच्या नदीवरचे दोन महिने: थिओडोर रूझवेल्ट यांच्या ‘थ्रू द ब्राझिलियन विल्डरनेस’चे वाचन



प्रवासवर्णन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा पाहिलेल्या स्थळांचे वर्णन येते. शोधमोहिमेचे वर्णन हा त्याच कुळातला, पण स्वभावाने बराच वेगळा प्रकार आहे. तेथे लेखकाला स्थळ आवडले की नाही हा प्रश्न नसतो. तो जिवंत परत आला का, त्याने सांगितलेले खरे मानायचे का आणि ते सांगण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हे प्रश्न असतात. या पाठात आपण अशा एका पुस्तकाचे वाचन करणार आहोत. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे ‘थ्रू द ब्राझिलियन विल्डरनेस’ हे पुस्तक १९१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे हक्क केव्हाच संपले आहेत, त्यामुळे मूळ इंग्रजी मजकूर तुम्हाला विनामूल्य वाचता येईल. पाठ वाचून पुस्तक बाजूला ठेवू नका. निदान शेवटची तीन प्रकरणे वाचाच.

पार्श्वभूमी

१९१२ च्या निवडणुकीत रूझवेल्ट तिसऱ्या पक्षाकडून उभे राहिले आणि हरले. पुढच्या वर्षी त्यांना दक्षिण अमेरिकेत व्याख्यानांचे निमंत्रण आले. व्याख्याने झाल्यावर न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरीसाठी प्राणी व पक्ष्यांचे नमुने गोळा करत परिचित नद्यांनी ॲमेझॉनपर्यंत जायचे, असा मूळ बेत होता. ब्राझीलचे परराष्ट्रमंत्री लाउरो म्युलर यांनी तो बदलला. कँदिदो रोंदोन या लष्करी अधिकाऱ्याला एका नदीचा उगम सापडला होता. ती पुढे कोठे जाते हे नकाशावाल्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. रोंदोन यांनी तिचे नावच ‘रिओ दा दूविदा’, म्हणजे शंकेची नदी, असे ठेवले होते. रोंदोन सोबत असतील, तर तुम्ही ही नदी उतराल का, असे म्युलर यांनी विचारले. रूझवेल्ट तेव्हा ५५ वर्षांचे होते. त्यांनी लगेच होकार दिला.

रोंदोन यांच्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण त्यांना वगळून हे पुस्तक कळत नाही. ते १८६५ मध्ये मातो ग्रोसोत जन्मले. त्यांच्या घराण्यात आदिवासी वारसा होता. ते लष्करात अभियंता झाले आणि अनेक वर्षे जंगलातून तारायंत्राच्या तारा टाकत राहिले. १९१० मध्ये ब्राझीलमध्ये आदिवासींच्या संरक्षणासाठी सरकारी सेवा स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले प्रमुख तेच होते. वेळ आली तर स्वतः मरा, पण आदिवासींना मारू नका, असा त्यांचा आपल्या माणसांना दंडक होता. हा दंडक लक्षात ठेवा. पुढे एका प्रसंगात त्याची कसोटी लागते.

२७ फेब्रुवारी १९१४ रोजी २२ माणसे सात होड्यांतून निघाली. या होड्या झाडाचे खोड कोरून केलेल्या, जड आणि पाण्यात खोल बसणाऱ्या होत्या. रूझवेल्ट, त्यांचा मुलगा कर्मिट, रोंदोन, निसर्गतज्ज्ञ जॉर्ज चेरी, लेफ्टनंट लिरा आणि डॉक्टर काजाझेरा असे सहा जण अधिकारी म्हणावेत असे होते. उरलेले १६ जण वल्हेकरी व मजूर होते. त्यांना ‘कामरादा’ म्हणत. एप्रिलच्या अखेरीस १९ जण बाहेर पडले.

साहस कमी, हिशेब जास्त

पुस्तकाची रचना आधी पाहू. एकूण दहा प्रकरणे आहेत. नदीवरचा प्रवास आठव्या प्रकरणात सुरू होतो. त्याआधीची सात प्रकरणे आगबोट, जग्वारची शिकार, पिरान्हा मासे, खेचरांचे तांडे आणि नांबिक्वारा लोकांच्या प्रदेशातून झालेली वाटचाल यांनी भरलेली आहेत. पिरान्हा माशाची आज जगभर जी रक्तपिपासू प्रतिमा आहे, तिच्यात या पानांचा मोठा वाटा आहे. ही सात प्रकरणे वाचनीय आहेत, पण त्यांचा लेखक निवांत आहे. पक्षी, माणसे, जमीन, गुरे यांविषयी त्याला जे सुचते ते तो सांगतो. कधी अमेरिकी पद्धतीच्या शेतीचे गुण गातो, कधी दुसऱ्या प्रवाशांच्या चुका काढतो. ही प्रकरणे मधूनमधून चाळली तरी फार बिघडत नाही, असे माझे मत आहे.

आठव्या प्रकरणापासून गद्य बदलते. वाक्ये आखूड होतात आणि मजकूर रोजनिशीच्या जवळ येतो. त्याचे कारण समजून घ्या. रूझवेल्ट यांनी ‘स्क्रिब्नर्स मॅगझिन’ या मासिकाशी लेखमालेचा करार केला होता आणि ते हा मजकूर प्रवासातच लिहीत होते. डासांपासून बचावासाठी डोक्यावर जाळी आणि हातांत लांब मोजे घालून ते मुक्कामावर लिहायला बसत. म्हणजे नदीवरची बरीच पाने लिहिताना शेवट काय होणार हे लेखकाला माहीत नव्हते. घरी परतून आरामात लिहिलेल्या साहसकथेत नायक वाचणार हे पानापानावर जाणवते. येथे तसे जाणवत नाही.

या मजकुरातला धोका कसा आहे? प्राण्यांच्या झडपा किंवा विषारी साप यांतून तो फारसा येत नाही. तो बेरीज-वजाबाकीतून येतो. नदीवर द्रुतवाह लागतो, म्हणजे खडकांमधून पाणी उसळत, फुटत धावते. भरलेल्या होड्या तेथून नेता येत नाहीत. मग सामान उतरवायचे, काठावरचे जंगल तोडून वाट करायची, ओंडके आडवे टाकून त्यांवरून होड्या ओढायच्या आणि पुढे पुन्हा पाण्यात सोडायच्या. त्यात दोन-तीन दिवस जातात. पुन्हा निघाल्यावर थोड्याच अंतरावर पुढच्या द्रुतवाहाचा आवाज येतो. होडी फुटली किंवा वाहून गेली की नवी कोरायला आणखी दिवस जातात. या सगळ्या दिवसांत २२ माणसे खातच असतात. किती दिवसांचे धान्य उरले आणि किती किलोमीटर झाले, हे दोन आकडे रूझवेल्ट पुन्हा पुन्हा मांडतात. पुढे किती नदी उरली हा तिसरा आकडा कोणाजवळच नाही. सगळी भीती त्या न मांडलेल्या आकड्यात आहे.

त्यातच मोजणीचा वाद आहे. मोजल्याशिवाय नदी नकाशावर येत नाही. कर्मिट पुढच्या होडीतून जाऊन काठावर खुणेची काठी रोवत असे. मागून लिरा अंतर आणि रोंदोन दिशा टिपत. पहिल्या अर्ध्या दिवसात कर्मिटला जवळजवळ शंभर वेळा काठावर उतरावे लागले आणि प्रगती झाली साडेनऊ किलोमीटरच्या आत-बाहेर. पुढे रूझवेल्ट यांना घाई हवी होती, रोंदोन यांना अचूकता. रूझवेल्ट हा मतभेद फार सौम्यपणे मांडतात. पण तो फक्त स्वभावांचा मतभेद नव्हता. रोंदोन आपल्या देशाचा नकाशा करत होते. रूझवेल्ट यांच्यासमोर मुलाचा जीव होता. अर्धवट मोजलेली नदी रोंदोन यांच्या दृष्टीने न पाहिल्यासारखीच होती.

काही समीक्षक या प्रकरणांना एकसुरी म्हणतील. एक द्रुतवाह, मग दुसरा, मग तिसरा. मला हा एकसुरीपणा पुस्तकाचा गुण वाटतो. सराईत कथाकाराने चार द्रुतवाह गाळले असते आणि पाचवा भयंकर केला असता. रूझवेल्ट यांनी तसे केले नाही, त्यामुळे त्या माणसांचे थकणे वाचकापर्यंत पोचते. तुम्ही स्वतः वाचताना कंटाळलात, तर तो कंटाळा कोणत्या पानावर आला ते टिपून ठेवा. वर्गात त्यावर चर्चा करता येईल.

न लिहिलेले शरीर

मार्चच्या अखेरीस दोन होड्या खडकांत अडकल्या. त्या सोडवायला रूझवेल्ट पाण्यात उतरले आणि त्यांच्या पायाला जखम झाली. ती चिघळली, त्यात मलेरियाचा ताप भरला. नदीकाठी भूल न देता डॉक्टरांनी गळू कापले. प्रवास संपेपर्यंत त्यांचे वजन सुमारे २५ किलोंनी घटले होते. पुस्तकात हे सगळे किती जागेत येते? फार थोड्या ओळींत, आणि त्याही जवळजवळ क्षमा मागितल्यासारख्या. मोहिमेत आजारी माणूस ओझे होतो, असा त्यांचा सूर आहे.

एक गोष्ट पुस्तकात अजिबात नाही. त्या दिवसांत त्यांनी चेरी आणि कर्मिट यांना सांगितले होते की मला येथेच सोडा आणि तुम्ही पुढे जा. कर्मिटने ते मानले नाही. वडिलांना मेलेले किंवा जिवंत, बरोबर नेणारच, अशी त्याची भूमिका होती, आणि मृतदेह वाहून नेणे हे जिवंत माणसाला नेण्यापेक्षा अवघड ठरले असते, हे रूझवेल्ट यांनाही कळत होते. हा प्रसंग आपल्याला सोबत्यांच्या नंतरच्या आठवणींतून समजतो. अशा वेळेसाठी ते मॉर्फिनची प्राणघातक मात्रा जवळ बाळगत, हेही नंतरच बाहेर आले.

लेखकाने स्वतःविषयी काय गाळले, हा आत्मपर लेखनाच्या समीक्षेतला महत्त्वाचा प्रश्न आहे. रूझवेल्ट यांनी आयुष्यभर एक प्रतिमा घडवली होती: दमा असलेला अशक्त मुलगा व्यायामाने, शिस्तीने कणखर पुरुष झाला. त्या प्रतिमेत ‘मला सोडून जा’ म्हणणारा माणूस बसत नव्हता. असे वाचले तर हे मौन अहंकाराचे वाटते. पण दुसरेही वाचन शक्य आहे. पुस्तक १९१४ मध्येच आले. मुलगा, पत्नी, सोबती सगळे ते वाचणार होते. मरण मागितल्याची गोष्ट छापणे म्हणजे कर्मिटच्या निर्णयाची जाहिरात करणे झाले असते. यांपैकी एकच वाचन निवडा असे मी म्हणणार नाही, पण दोन्हींसाठी मजकुरात आधार शोधता येतो का ते पाहा.

तीन मृत्यू

आता पुस्तकातल्या सर्वांत अवघड भागाकडे येऊ.

पहिला मृत्यू सिम्प्लिसिओ या कामरादाचा. १५ मार्चला कर्मिटची होडी भोवऱ्यात सापडून धबधब्यावरून गेली. कर्मिट कसाबसा वाचला, सिम्प्लिसिओ बुडाला, त्याचा देह मिळाला नाही. रूझवेल्ट यांच्या लेखनात हा अपघात आहे, पाण्याने केलेला. रोंदोन यांनी १९१५ मध्ये रिओ दी जानेरोत या मोहिमेवर जाहीर व्याख्याने दिली. त्यांच्या मांडणीत कर्मिटला थांबायला सांगितले होते आणि तरी तो पुढे गेला. एकाच घटनेची दोन कथने झाली. एकात नदी कर्ता आहे, दुसऱ्यात एक तरुण माणूस. पित्याने लिहिलेल्या कथनात नदी कर्ता व्हावी, यात नवल नाही. पण वाचकाने ते ओळखायला हवे. सिम्प्लिसिओला बोलण्याची संधीच नव्हती. तेथे खांब रोवून त्याच्या मृत्यूची ओळ कोरली गेली, धबधब्याला त्याचे नाव दिले गेले आणि त्याची मजुरी आईकडे पाठवायचे ठरले. या पलीकडे तो कोण होता, हे पुस्तकातून समजत नाही.

दुसरा आणि तिसरा मृत्यू एकमेकांत गुंतलेले आहेत. ज्यूलिओ नावाचा कामरादा अन्न चोरताना सापडत होता. पायशाओ या कृष्णवर्णीय शिस्तप्रिय हवालदाराने त्याला दटावले. ३ एप्रिलला ज्यूलिओने बंदूक घेऊन पायशाओला ठार केले आणि तो जंगलात पळाला. तिघांच्या अंतराने तो पुन्हा काठावर दिसला. मला घ्या, मी शरण येतो, असे ओरडला. होड्या थांबल्या नाहीत.

या ठिकाणी दोन न्यायकल्पना समोरासमोर येतात. रूझवेल्ट यांच्या मते खुन्याला बरोबर घेणे म्हणजे त्याच्यावर दिवसरात्र पहारा ठेवणे आणि निरपराध माणसांच्या तोंडचा घास त्याला देणे. सगळेच उपाशी असताना तसे करण्याचा हक्क कोणालाही नाही. रोंदोन हे सरकारी अधिकारी होते. गुन्हेगाराला कायद्यापुढे उभे करणे हे त्यांचे कर्तव्य होते, आणि ब्राझीलमध्ये मृत्युदंड नव्हता. त्यांनी नंतर दोन माणसांना ज्यूलिओच्या शोधात मागे पाठवले. तो सापडला नाही.

रूझवेल्ट हा प्रसंग लपवत नाहीत. उलट तो सविस्तर, स्वतःची बाजू मांडत सांगतात. पण भाषा पाहा. ज्यूलिओविषयी लिहिताना त्यांची विशेषणे प्राण्यांच्या जगातून येतात. एवढ्या संयमी गद्यात अचानक इतकी विशेषणे का आली? माझ्या मते लेखकाला निर्णयाची बोच होती. सोडून दिलेला माणूस आधी माणूस न राहिला, तरच सोडून देणे सोपे होते. हे माझे अनुमान आहे, मजकुरात तसे कोठे म्हटलेले नाही. आणखी एक गोष्ट: वंशांच्या चढत्या-उतरत्या श्रेणीवर विश्वास ठेवणाऱ्या या लेखकाने खुनी युरोपीय रक्ताचा होता आणि मारला गेलेला कर्तव्यदक्ष माणूस कृष्णवर्णीय होता, हे स्पष्ट नोंदवले आहे. त्याच्या सिद्धान्तापेक्षा त्याचे डोळे कधी कधी जास्त प्रामाणिक होते, असे म्हणावे लागते.

अज्ञात, पण कोणाला?

पुस्तकात ‘अज्ञात’ हा शब्द फार वेळा येतो. तो कोणाच्या दृष्टीने वापरला आहे? सिम्प्लिसिओ बुडाल्याच्या दुसऱ्याच दिवशी रोंदोन आपल्या ‘लोबो’ या कुत्र्याला घेऊन शिकारीला गेले. कुत्रा पुढे धावला, केकाटला आणि बाणांनी मेला. बाणांची घडण नांबिक्वारांच्या बाणांपेक्षा वेगळी होती. म्हणजे काठावर राहणारी माणसे होती, ती या २२ जणांना पाहत होती आणि त्यांनी स्वतःला दिसू दिले नाही. रोंदोन यांनी काय केले? त्या जागी कुऱ्हाडी आणि मणी भेट म्हणून ठेवले. बंदुका असूनही हल्ला केला नाही. वर सांगितलेला दंडक येथे पाळला गेला. ती माणसे बहुधा सिंता लार्गा समूहाची होती. हे नावही त्यांना बाहेरच्यांनी दिले, त्यांच्या कमरेच्या रुंद पट्ट्यावरून.

त्या लोकांना ही नदी ठाऊक होतीच. खालच्या भागात रबर गोळा करणारे लोकही पोचले होते. १५ एप्रिलला मोहिमेला काठावर अशा एका माणसाची खूण सापडली आणि आपण वाचलो हे सर्वांना कळले. त्या लोकांमध्ये खालच्या नदीला ‘कास्तान्या’ असे नावही होते. रूझवेल्ट हे नोंदवतात. म्हणजे नदीला दोन्ही टोकांना माहीतगार होते. नव्हती ती फक्त नकाशावरची रेघ. ‘नकाशावर नसलेली’ आणि ‘अज्ञात’ या दोन शब्दांमधले अंतर लेखकाला दिसते, पण तो त्यावर थांबत नाही.

याच काळातले आपल्या जवळचे उदाहरण देतो, म्हणजे मुद्दा नुसता ब्राझीलचा राहणार नाही. तिबेटची सांगपो आणि आसामची ब्रह्मपुत्रा एकच का, हा प्रश्न सर्वेक्षण खात्याला एकोणिसाव्या शतकात छळत होता. १८८० मध्ये सिक्कीमच्या किंथुप या निरक्षर शिंप्याला एका लामाबरोबर पाठवण्यात आले. लामाने त्याला गुलाम म्हणून विकले. तो निसटला, आणि तरीही त्याने ठरल्याप्रमाणे खुणा केलेले ५०० ओंडके, रोज ५० याप्रमाणे, नदीत सोडले. त्याचा निरोप पोचला नव्हता, त्यामुळे खाली ते पाहायला कोणी उभे नव्हते. चार वर्षांनी परतल्यावर त्याने हकीकत तोंडी सांगितली आणि दुसऱ्याने लिहून घेतली. त्या लेखनात एका धबधब्याची चुकीची नोंद शिरली. १९१३ मध्ये, म्हणजे रूझवेल्ट ब्राझीलकडे निघाले त्याच वर्षी, बेली आणि मोर्सहेड हे दोन इंग्रज अधिकारी त्या दरीत गेले आणि किंथुपचे बरेच सांगणे खरे ठरले. रूझवेल्ट स्वतः लिहू शकत होते, मासिक त्यांची वाट पाहत होते. किंथुपजवळ ना लेखणी होती, ना वाचक. कामरादांची स्थिती किंथुपसारखीच होती.

शंका आणि पुरावा

मोहीम परतल्यावर नदीच्या नावातली शंका लेखकावरच उलटली. लंडनमध्ये भूगोलतज्ज्ञ क्लेमेंट्स मार्कम यांनी आक्षेप घेतला. स्वतः ब्राझीलचे प्रवासवर्णन लिहिणाऱ्या हेन्री सॅव्हेज लँडर यांनी तर टवाळी केली. मे १९१४ मध्ये वॉशिंग्टनला नॅशनल जिओग्राफिक सोसायटीत आणि जूनमध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीत रूझवेल्ट यांनी अशक्त अवस्थेत व्याख्याने दिली. शेवटी १९२७ मध्ये जॉर्ज डायट यांच्या मोहिमेने तीच नदी उतरून वर्णन खरे ठरवले. तोवर रूझवेल्ट यांच्या मृत्यूला आठ वर्षे झाली होती.

या वादाच्या प्रकाशात पुस्तकाचा शेवट पुन्हा वाचा. गोळा केलेले अडीच हजारांहून अधिक पक्षी, सुमारे पाचशे सस्तन प्राणी, नदीची सुमारे १,५०० किलोमीटर लांबी (यात ती जिला मिळते त्या प्रवाहाचा खालचा भागही धरला आहे), म्युलर यांना लिहिलेले पत्र. सामान्य वाचकाला हा भाग नीरस वाटतो. पण लेखक येथे कथा सांगत नाही, साक्ष देतो. खटला सुरू आहे आणि आरोपी स्वतःचे कागद मांडतो आहे, असे समजून वाचलेत तर ही पाने जिवंत होतात. मोजणीवर अडून बसलेल्या रोंदोन यांचा हट्ट येथे रूझवेल्ट यांच्या कामी आला. मोजणी नसती तर त्यांच्याजवळ शब्दाशिवाय काही उरले नसते.

नदीला सरकारी हुकमाने ‘रूझवेल्ट’ हे नाव दिले गेले, एका उपनदीला कर्मिटचे. जुने ‘शंकेची नदी’ हेच नाव चांगले होते, असे रूझवेल्ट लिहितात. मला हे लिहिणे केवळ नम्रता वाटत नाही. लेखक म्हणून त्यांना कळत होते की त्या नावातच पुस्तकाची अर्धी ताकद आहे.

पुस्तकानंतरची नदी

या उंचवट्याच्या प्रदेशाकडे पाहताना रूझवेल्ट यांना वारंवार भावी वसाहती, गुरांची कुरणे आणि धबधब्यांवर चालणारे कारखाने दिसतात. जंगलावरचे प्रेम आणि जंगल संपवणारे स्वप्न एकाच परिच्छेदात शेजारी बसतात, आणि लेखकाला त्यात विसंगती दिसत नाही. १९१४ च्या मापाने ती क्वचितच कोणाला दिसली असती. रोंदोन यांची तार १९१५ मध्ये सुरू झाली, पण बिनतारी संदेश आल्यामुळे ती लवकरच निरुपयोगी ठरली. १९३८ मध्ये फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस त्याच तारेच्या वाटेने गेले, तेव्हा विसरल्या गेलेल्या ठाण्यांवर काही तारबाबू अजून राहत होते. ‘त्रिस्त त्रोपिक’ या त्यांच्या ग्रंथात ते चित्र आहे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून नांबिक्वारा लोकांची वर्णने ताडून पाहण्यासारखी आहेत. रूझवेल्ट त्यांना निसर्गाचा भाग म्हणून पाहतात, लेव्ही-स्ट्रॉस समाज म्हणून.

१९५६ मध्ये त्या प्रदेशाला रोंदोन यांच्यावरून रोंदोनिया हे नाव मिळाले. तारेच्या मार्गालगत पुढे महामार्ग आला आणि त्यामागून वसाहती आल्या, रूझवेल्ट यांनी पाहिल्या होत्या तशाच. काठावरून होड्या पाहणाऱ्या लोकांचे काय झाले? १९६३ मध्ये रबर कंपनीच्या माणसांनी सिंता लार्गांच्या एका वस्तीवर विमानातून सुरुंग टाकले आणि नंतर वाचलेल्यांची कत्तल केली. त्या भूमीत हिरे सापडले. २००४ मध्ये रूझवेल्ट नावाच्याच राखीव क्षेत्रात सिंता लार्गांनी बेकायदा घुसलेल्या २९ खाणकामगारांना ठार केले.

स्वाध्यायासाठी एकच काम देतो. लोबोच्या मृत्यूचा उतारा घ्या आणि तो काठावर लपलेल्या माणसाच्या बाजूने, त्याला जेवढे दिसले असेल तेवढेच वापरून, एका पानात लिहा. होड्या, ओझी, दाढीवाले पुरुष, कुत्रा, हवेत झाडलेली गोळी आणि मागे ठेवलेली कुऱ्हाड यांचा त्याने काय अर्थ लावला असेल? लिहिताना ‘शोध’ हा शब्द कोठे वापरावासा वाटला, तर तेथे खूण करून ठेवा.